ऊन नव्हे, विष

“ऊन लागलं असन, थोडं पडून राह्य.” पऱ्हाटीवर फवारून आलेल्या माणसाला गरगरायला लागलं, की घरचं पहिलं निदान हेच. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. तरी हे निदान अजून चालतंच.

प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं. मेंदूचा निरोप मज्जातंतूच्या टोकाशी पोचला, की तिथून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं आणि पुढचा स्नायू किंवा ग्रंथी कामाला लागते. काम झालं की कोलिनेस्टरेज नावाचं विकर ते रसायन लगेच तोडून टाकतं. विष नेमकं या विकरालाच निकामी करतं. मग घंटीचं बटण दाबलेलंच अडकावं, तसा निरोप थांबत नाही. लाळ गळते, घामाच्या धारा लागतात, उलट्या-जुलाब होतात, दंडाचे स्नायू आपोआप फडफडतात. डोळ्यांच्या बाहुल्या आकसून ठिपक्याएवढ्या होतात; नुसत्या उन्हाने असं होत नाही. शेवटी श्वासनळ्या स्रावाने भरतात आणि श्वासाचे स्नायू थकतात.

“प्यायला नाही, मग बाधा कशी?” कातडीतून. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावर-छातीवरच येत होता. नाकाला बांधलेला रुमाल घामाने भिजलेल्या सदऱ्याचं काय करणार? म्हणून आधी कपडे उतरवायचे, साबणाने अंघोळ घालायची (घालणाऱ्याने उघड्या हाताने नव्हे) आणि त्यात वेळ न दवडता दवाखाना गाठायचा. लिंबू-ताक-दूध पाजण्यात तर काहीच हशील नाही. कातडीतून रक्तात गेलेलं विष पोटात काही ओतून निघत नाही; उलट अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या फुप्फुसात ते दूध जायचं.

दवाखान्यात ॲट्रोपिन देतात. ते ॲसिटिलकोलीनची जागा अडवतं. छाती मोकळी होईपर्यंत डॉक्टर मात्रा वाढवत नेतात. मात्रा जास्त झाली तर रुग्ण बरळतो, सलाइन उपटतो. “डोक्यावर परिणाम झाला,” म्हणून नातेवाईक घाबरतात. हा बहुधा औषधाचा तात्पुरता परिणाम असतो, मात्रा कमी केली की ओसरतो. पण सायपरमेथ्रिन किंवा डायफेन्थियुरॉनचं विष या वाटेने काम करत नाही, त्यावर ॲट्रोपिन हा उतारा नव्हे. आणि शेतात तर दोन-तीन कीटकनाशकं एकाच पंपात कालवलेली असतात! म्हणून काय फवारलं ते डॉक्टरांना कळायला हवं. रिकामा डबा, निदान त्याच्या लेबलाचा फोटो तरी सोबत न्यावा.

सगळ्यात घातक समज शेवटचा: “शुद्धीवर आला, आता घरी नेऊ.” बरा वाटणारा रुग्ण एक ते चार दिवसांत पुन्हा ढासळू शकतो. आधी मानेचे स्नायू लुळे पडतात, मग श्वासाचे. तेव्हा व्हेंटिलेटर लागतो. उशीवरून डोकं उचलता येतंय का, हे डॉक्टर रोज पाहतात ते म्हणूनच.