मरण एकदा, हेलपाटे अनेकदा

आषाढ लागला, की मुरबाड-शहापूरच्या खाचरांत चिखलणीची आणि लावणीची एकच धांदल उडते. पाऊस तर हवाच असतो. पण त्याच पावसाचे पाणी बिळांत शिरते आणि साप बाहेर पडतात. बांधावर फुरसे, गवताच्या भाऱ्यात घोणस आणि रात्री पडवीत अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाच्या उशापायथ्याशी मण्यार. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. शहरातल्या वाचकाला हा नुसता आकडा वाटेल. आम्हाला त्यात ओळखीचे चेहरे दिसतात.

साप चावून माणूस जातो, ते एकदाच. त्यानंतर घरच्यांच्या वाट्याला जे येते, ते मात्र वर्षानुवर्षे पुरते. मी या तालुक्यातल्या शाळांत तीस वर्षे शिकवले. निवृत्तीनंतरही माणसे दारात येतात. ‘बाई, कंपनीचा कागद आलाय, एवढा वाचून द्या.’ कागद इंग्रजीत असतो. भाषा सभ्य असते आणि अर्थ बहुधा एकच असतो: आपला दावा मंजूर करता येत नाही.

महाराष्ट्रात २००५-०६ पासून शेतकऱ्यांसाठी अपघात विम्याची योजना सुरू झाली. २०१५-१६ मध्ये तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिले गेले आणि अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये ठरले. हप्ता शेतकऱ्याने भरायचा नव्हता. राज्य सरकार सर्वांच्या वतीने विमा कंपनीला भरत होते. वीज पडणे, पाण्यात बुडणे, झाडावरून पडणे, विजेचा धक्का, रस्त्यावरचा अपघात, सर्पदंश, विंचूदंश, हे सगळे त्यात आले. कल्पना उत्तम होती. शेती करताना जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाच्या मागे काहीतरी उभे राहावे, यात कोणाचे दुमत असणार?

घोडे अडले ते कागदाशी. दावा करायचा तर सातबारा हवा, वारसाची नोंद दाखवणारा सहा-क हवा, फेरफार हवा, वयाचा दाखला, मृत्यूचा दाखला, पोलिसांचा पहिला अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल हवा. हे सारे तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कचेरीत द्यायचे. तिथून ते जिल्ह्याला, तिथून विमा सल्लागार कंपनीकडे आणि शेवटी विमा कंपनीकडे. धसई किंवा टोकावडे भागातल्या बाईने मुरबाडला दिलेल्या कागदावर कोणत्या शहरातल्या कोणत्या टेबलाशी निर्णय होतो, हे तिला कधीच कळत नसे. तिच्याकडे पॉलिसी नव्हती, एजंट नव्हता, पावती नव्हती. ज्या करारातल्या अटीवर बोट ठेवून तिचा दावा फेटाळला जाई, तो करार तिने डोळ्यांनी पाहिलेलाही नसे.

मण्यारीचेच उदाहरण घ्या. ती बहुधा रात्री चावते, झोपेत चावते. दंश फारसा दुखत नाही, दातांची खूण कधीकधी दिसतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, शब्द फुटत नाही. घरच्यांना आधी वाटते, काही बाधले असेल. मग भगत, मग गाडी शोधणे, मग ग्रामीण रुग्णालय. माणूस वाटेतच गेला, तर पुष्कळदा घरचे देह परत घेऊन येतात आणि माती देतात. ज्यांच्या घरात नुकतेच मरण झाले आहे, त्यांना शवविच्छेदनाची आठवण कोण करून देणार? आणि शवविच्छेदन झाले, तरी व्हिसेराचा अहवाल यायला महिने लागतात. त्यातही नेहमीच्या रासायनिक तपासणीत सापाचे विष सहजी हाती लागत नाही. मग पत्र येते: सर्पदंशानेच मृत्यू झाल्याचा पुरावा नाही. ज्या बाईने नवऱ्याला आपल्या मांडीवर जाताना पाहिले, तिला हे मी मराठीत कसे समजावून सांगायचे?

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. विम्याचा पैसा हा कोणा एकाचा नसतो. हजारोंनी भरलेल्या हप्त्यांचा तो साठा असतो. खोटे दावे होतात, मागील तारखांचे दाखले मिळतात, नैसर्गिक मृत्यूला अपघाताचे रूप दिले जाते. चौकशी न करता पैसे वाटले, तर तो साठा आटेल आणि शेवटी खऱ्या गरजूलाच काही उरणार नाही. पुरावा मागणे हा कंपनीचा हक्क आहे, किंबहुना कर्तव्य आहे. पण पुरावा मागणे वेगळे आणि पुरावा नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणे वेगळे. तलाठ्याची नोंद रखडली, पोलिसांनी पंचनामा उशिरा केला, प्रयोगशाळेचा अहवाल आला नाही. यांतील एकही गोष्ट त्या विधवेच्या हातातली नसते. दंड मात्र तिलाच होतो.

ही केवळ माझ्यासारख्या गावातल्या शिक्षिकेची तक्रार असती, तर तुम्ही ती सोडून दिली असती. पण राज्य सरकारच शेवटी याच निष्कर्षाला आले. कंपन्या दावे वेळेत निकाली काढत नाहीत, नको त्या त्रुटी काढून प्रस्ताव नाकारतात, असा अनुभव नोंदवून सरकारने एप्रिल २०२३ मध्ये विमा कंपन्यांना या योजनेतून बाजूला केले. त्या जागी सानुग्रह अनुदानाची योजना आणली. रक्कम तीच राहिली: मृत्यूला दोन लाख, तसेच दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख. फरक इतकाच, की आता निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे, म्हणजे तालुक्यातच. ज्याने वर्षानुवर्षे कोट्यवधींचे हप्ते भरले, त्या सरकारसारख्या बलाढ्य ग्राहकालाही कंपन्यांपुढे हात टेकावे लागले. मग तुमचीआमची काय कथा?

नव्या योजनेत दोन गोष्टी चांगल्या आहेत. सातबारावर नाव नसलेला कुटुंबातला आणखी एक सदस्यही तिच्यात धरला जातो. आमच्याकडे लावणीला वाकलेल्या बायकांपैकी किती जणींचे नाव सातबारावर असते? दुसरी म्हणजे, उपचार मिळण्याआधीच मृत्यू आला आणि शवविच्छेदन झाले नाही, तर सर्पदंशाच्या बाबतीत वैद्यकीय अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर भागू शकते. पण अर्ज अपघातानंतर तीस दिवसांत करायचा असतो. तेरावा झाला, पाहुणे गेले, पोरांची शाळा सुरू झाली, की तीस दिवस कधी संपतात ते कळत नाही. त्यामुळे पोलीस पाटील, आशाताई, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक यांपैकी कोणीतरी पहिल्या आठवड्यातच त्या घरी जाऊन बसले पाहिजे. योजना कागदावरून घरात येते ती अशा माणसांच्या पायांनी.

शहरातल्या वाचकांनी हे प्रकरण खेड्यावर सोडून पान उलटू नये. माझ्या स्वतःच्या मेडिक्लेमचाच अनुभव सांगते. कंपनीचे नाव घेत नाही. पित्ताशयाची शस्त्रक्रिया कल्याणला झाली. बिले दिली. महिन्याने पत्र आले, डॉक्टरांचा पहिला कागद द्या. दिला. मग मूळ पावती हवी. तीही दिली. मग विचारणा झाली, की हा आजार पॉलिसीच्या आधीपासून नव्हता कशावरून? फोन केला, की एक गोड आवाज इंग्रजीत सांगे, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तो किती महत्त्वाचा आहे हे ऐकण्यात माझी वीस-वीस मिनिटे जात. प्रत्येक वेळी टेबलापलीकडचा माणूस नवा आणि माझी फाइल त्याला अपरिचित. पैसे आले, सात महिन्यांनी, आणि तेही कापून. का कापले, याचा खुलासा अजून यायचा आहे.

नियम नाहीत म्हणून हे होते, असे मात्र नाही. आयुर्विम्याच्या दाव्यात लागणारी कागदपत्रे शक्यतो एकदमच मागावीत, तुकड्यातुकड्यांनी मागू नयेत, असे विमा नियामकाने २००२ सालच्या नियमांतच म्हटले होते. आरोग्यविम्यात रोकडरहित उपचाराला परवानगीचा निर्णय तासाभरात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असे मे २०२४ च्या परिपत्रकात आहे. आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षे चालली, की त्यानंतर माहिती दडवल्याचे कारण काढून ती नाकारता येत नाही, अशी दुरुस्ती २०१५ साली विमा कायद्याच्या ४५व्या कलमात झाली. सर्वोच्च न्यायालयानेही कंपन्यांचे कान उपटले आहेत. पंजाबातील एकाचा ट्रॅक्टर २०१० साली चोरीला गेला. पोलिसांत फिर्याद त्याच दिवशी झाली, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवले गेले. एवढ्यावरून दावा फेटाळला गेला. चोरी खरी आहे आणि फिर्याद वेळेत आहे, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा नाकारता येणार नाही, असा निकाल तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २४ जानेवारी २०२० रोजी दिला. ट्रॅक्टर गेल्यापासून नऊ वर्षे उलटली होती. न्याय मिळाला, पण मधल्या नऊ हंगामांचे काय?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. विम्याच्या बाबतीत ही म्हण थोडी बाजूला ठेवावी. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचा दावा तो ऐकतो. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत गेले पाहिजे. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. तिथे मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागण्याची सोय केली आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क ठेवले नाही. मुरबाडकराला त्यासाठीही एस.टी.ने कल्याण आणि लोकलने ठाणे करावे लागते, एका दिवसाची मजुरी बुडते, हे खरेच. पण मुंबईतल्या बड्या कचेरीच्या दारात ताटकळण्यापेक्षा ते बरे.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी चार गोष्टी सांगते, त्या इथेही सांगते. कोणताही कागद देताना त्याची प्रत ठेवा आणि प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी पत्राने कळवा; फोनला साक्षीदार नसतो. ‘नाही’ हे उत्तर तोंडी स्वीकारू नका. कोणत्या अटीनुसार नाही, ते लेखी मागा. आणि घरात कोणती पॉलिसी आहे, कोणाच्या नावाने वारस नेमला आहे, हे बायकोला आणि मोठ्या मुलांना ठाऊक असू द्या. पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवलेली पॉलिसी सापडेपर्यंत मुदत निघून गेलेली मी पाहिली आहे.

आयुर्विमा महामंडळाच्या चिन्हात दोन हात एका दिव्याला वाऱ्यापासून जपताना दिसतात. खाली गीतेतले वचन आहे, भक्ताचा योगक्षेम वाहण्याचे आश्वासन देणारे. १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे, तेव्हा सामान्य माणसाने हप्ता भरला तो या दोन हातांवर विश्वास ठेवून. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, जाहिराती चकचकीत झाल्या, पॉलिसी घ्यायला माणूस घरी येऊ लागला. दाव्याच्या वेळी मात्र घरी कोणी येत नाही.

विमा विकताना जेवढी माणसे लागतात, त्याच्या निम्मी तरी दावा फेडताना नेमा, एवढेच मागणे आहे. काय कमी आहे ते एकदाच सांगा, मराठीत सांगा, मुदतीत सांगा. नाही म्हणायचे असेल तर तेही लवकर म्हणा. म्हसाच्या यात्रेत बैलजोडी विकायची की ठेवायची, मुलीला पुढच्या इयत्तेत घालायचे की वीटभट्टीवर न्यायचे, हे त्या घराला पौषापर्यंत ठरवायचे असते. त्याआधी त्यांच्या हातात उत्तर पडले पाहिजे.