शर्यत बघावी वळणावर

सिंगापूरच्या सहलीत मर्लायन असतो, सेंटोसा असतं, मोटारींची शर्यत नसते. फॉर्म्युला वन बघायला गेले होते असं मी मुलुंडमध्ये कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "त्यात बघायचं काय? गाडी समोरून गेली, संपलं!" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला नीट द्यायचं आहे, कारण बघायचं पुष्कळ असतं. फक्त उभं कुठं राहायचं ते माहीत हवं.

माझे बाबा कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये इंजिन जोडणीवर होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली ही कंपनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची पद्मिनी तिचीच. जेवता जेवता खिडकीखालून गाडी गेली की बाबा म्हणायचे, "टॅपेट वाजतंय." गाडी कानानं ओळखायची, हे मी त्या घरात शिकले. पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं आणि ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर. फॉर्म्युला वनचं इंजिन १,६०० सीसीचं, म्हणजे आकारानं दीडपटसुद्धा नाही; पण विजेच्या मोटरची जोड धरून ताकद हजार हॉर्सपॉवरच्या घरात. मी गेले त्या २०२४ सालच्या नियमाप्रमाणे गाडीचं किमान वजन, ड्रायव्हरसकट, ७९८ किलो. हे आकडे बाबांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतले.

आपल्याकडे ही शर्यत ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं झाली. तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला, आणि मग करांच्या वादात सगळं थांबलं. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला, त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेनसागरच्या काठी विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई झाली. तीत महिंद्रचाही संघ होता, ज्या महिंद्रचा कारखाना आपल्या कांदिवलीत आहे. पण फॉर्म्युला वनच बघायची तर परदेश गाठावा लागतो.

मी सिंगापूर निवडलं, कारण तिथं शर्यत भर शहरातल्या रस्त्यांवर आणि रात्री होते. २००८ मध्ये तिथं झाली ती फॉर्म्युला वनच्या इतिहासातली पहिली रात्रीची शर्यत. रात्री अशासाठी, की युरोपातल्या लोकांना ती दुपारी टीव्हीवर बघता यावी. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. २०२४ ला अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती आणि शर्यतीचे दिवस २० ते २२. विसर्जन आटोपून निघता आलं.

उतरले लिटल इंडियात. जेवण सेरंगून रोडवर, आणि संध्याकाळी मेट्रोनं सिटी हॉल स्टेशन. स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्या चालीवर कुंपण लागतं. माझं तिकीट फिरतं होतं, म्हणजे ठरलेली खुर्ची नाही. आपल्या विभागात हवं तिथं उभं राहायचं. स्टँडची तिकिटं महाग असतात आणि तीन दिवस एकच तुकडा दिसतो. माझं मत फिरत्या तिकिटाच्या बाजूनं पडतं, विशेषतः शुक्रवारी. २०२४ ला त्या दिवशी एक-एक तासाची दोन सराव सत्रं होती; शुक्रवारी गर्दी कमी असते आणि जागा बदलून बदलून बघता येतं.

सुरुवातीला सगळे सरळ पट्ट्याकडे धावतात. तिथं खरोखरच काही दिसत नाही. ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाला मान वळवेपर्यंत गाडी गेलेली असते. रॅफल्स बुलेवारचा लांब पट्टा जिथं संपतो त्या सातव्या वळणापाशी जा. तीनशेचा वेग शंभर-सव्वाशे मीटरच्या आत निम्म्याहून खाली येतो. त्या क्षणी ड्रायव्हरच्या अंगावर त्याच्या वजनाच्या चार-पाच पट जोर येतो. खाली उतरणारे गिअर एकेक करून ऐकू येतात. गाडीच्या पोटाखालच्या टायटॅनियमच्या पट्ट्या रस्त्याला घासून ठिणग्या उडतात, आणि अंधारामुळं त्या लांबवर दिसतात. दोन ड्रायव्हरांतला फरकही इथंच कळतो: एक जण अलीकडे ब्रेक दाबतो, दुसरा आणखी थोडा थांबतो. हे थोडं थांबणं टीव्हीवर दिसत नाही. काही फेऱ्यांनंतर मला डोळे मिटून सांगता यायला लागलं, की आत्ताचा उशिरा थांबला.

माझ्या विभागात पदांगचं मैदान होतं. एका अंगानं ट्रॅक, आतल्या हिरवळीवर गाण्यांचे कार्यक्रम. ५ जुलै १९४३ रोजी याच मैदानावर नेताजींनी आझाद हिंद सेनेची मानवंदना घेतली आणि 'चलो दिल्ली'ची हाक दिली. शेजारच्या एस्प्लनेड पार्कमध्ये सेनेच्या स्मारकाच्या जागेची खूण आहे. मूळ स्मारक ब्रिटिशांनी १९४५ मध्येच पाडलं. सराव सुरू व्हायच्या आधी मी तिथं जाऊन आले. शर्यतीसाठी गेलेल्या प्रत्येक भारतीयानं तिथं जावं असं मला मनापासून वाटतं.

रविवारी ६२ फेऱ्या. लँडो नॉरिस पहिल्या फेरीपासून पुढे होता, दोनदा भिंतीला हलकासा घासला आणि तरी मॅक्स व्हर्स्टापेनच्या सुमारे २१ सेकंद आधी पोहोचला. २००८ पासून या शर्यतीत दरवेळी अपघातामुळं सगळ्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार आली होती; त्या वर्षी प्रथमच आली नाही. टीव्हीवर बघणाऱ्यांना म्हणे कंटाळा आला. मी मात्र मधल्या गाड्या बघत होते. कोरड्या रस्त्यावर प्रत्येकाला किमान दोन प्रकारचे टायर वापरावेच लागतात. लाल पट्टीचे मऊ, वेगवान पण लवकर झिजणारे, पांढरे कडक आणि टिकाऊ, पिवळे मधले. कोण कधी टायर बदलतो यावर मधल्या जागा ठरतात. पट्ट्यांचे रंग लक्षात ठेवले की पडद्यावर क्रमांक न बघताही शर्यत कळायला लागते. शेवटाकडे डॅनियल रिकार्डोनं नवे मऊ टायर चढवून सगळ्यांत वेगवान फेरी मारली. ती त्याची फॉर्म्युला वनमधली शेवटची शर्यत ठरली.

उकाडा भयंकर. घामानं ड्रायव्हरचं दोन-तीन किलो वजन उतरतं ते उगाच नाही. प्रेक्षकांनीही पाणी, टोपी, रेनकोट बरोबर ठेवावा. लहान मुलं असतील तर त्यांच्या कानांना संरक्षण हवंच.

सिंगापूरचा बेत सप्टेंबर-ऑक्टोबरात आखत असाल तर शर्यतीच्या तारखा आधी बघा. तीन दिवसांचं जमत नसेल तर एकट्या शुक्रवारचं फिरतं तिकीट काढा, आणि सरळ पट्टा सोडून वळणावर जाऊन उभे राहा.