दुकान वाढवताना : उरलेल्या मालाचं मोल

मागच्या व्याख्यानात आपण ‘मूल्य’ आणि ‘किंमत’ या दोन शब्दांतला फरक पाहिला. ते संपल्यावर चारकोपहून आलेल्या एका बाईंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "सर, ते सगळं ठीक. पण मी कापडी दागिन्यांचं काम बंद केलंय, दोन खोकी माल उरलाय. त्याची किंमत काय धरू ते सांगा." मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. खरं सांगायचं तर मला वेळ हवा होता, कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्या घरात विचारला गेला होता आणि आयुष्यभर मूल्यमीमांसा शिकवलेल्या या माणसाला उत्तर देता आलं नव्हतं.

आधी शब्दाकडे बघू. आपल्याकडे दुकान ‘बंद’ करत नाहीत, ‘वाढवतात’. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. जे संपतंय त्याचा संपताना अपमान होऊ नये, एवढी काळजी भाषेनं घेतली आहे. आता, दुकान वाढवलं हे बोलायला सोपं. पण माळ्यावर जो माल राहतो तो कसा वाढवायचा? तो आजचा विषय.

माझ्या पत्नीनं सोळा वर्षं घरातून हातकामाचा छोटासा व्यवसाय केला. बटवे, तोरणं, खांद्याच्या पिशव्या, बाळांची दुपटी. शेजारच्या दोघी नगावर काम करायच्या. मग हिचा अंगठ्याचा सांधा दुखायला लागला, मदतनीसांपैकी एक विरारला राहायला गेली, आणि एका दिवाळीनंतर हिनं मशीनवर चादर घातली. माल मोजला तेव्हा १८६ नग होते : ९४ बटवे, ३७ तोरणं, ४१ पिशव्या, १४ दुपटी. मला म्हणाली, "तुम्ही सांगा, याचे किती येतील?"

एक दुकानदार येऊन बघून गेला. सगळ्याचे मिळून चार हजार म्हणाला. म्हणजे नगाला साडेएकवीस रुपये. हिनं त्याला चहा दिला आणि दार लावून घेतलं. माल माळ्यावर गेला आणि दोन पावसाळे तिथंच राहिला. खाली काढला तेव्हा अकरा पिशव्यांच्या चेनी गंजून अडकल्या होत्या आणि तीन दुपट्यांना बुरशी आली होती. चार हजाराला नाही म्हणण्यात चूक नव्हती. चूक झाली ती त्यानंतर काहीच न ठरवण्यात.

असं का होतं? माझ्या मते ‘याची किंमत काय’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात आणि आपण तिघांना मिळून एकच उत्तर शोधत बसतो. पहिला : यात माझं किती गेलं? दुसरा : हे आता कोणाच्या आणि किती उपयोगाचं आहे? तिसरा, जो कोणी मोठ्यानं विचारत नाही : माझ्या सोळा वर्षांना काही अर्थ होता की नाही?

पहिला प्रश्न घेऊ. अॅरिस्टॉटलनं ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात वहाणेचं उदाहरण दिलं आहे. वहाणेचे उपयोग दोन : पायात घालणं आणि देऊन बदल्यात काही घेणं. घरात एक वहाण पुरते. शंभर वहाणा असतील तर त्या विनिमयासाठीच आहेत. आमच्या घरात ९४ बटव्यांचा दुसरा काही उपयोग नव्हता. मार्क्सनं १८६७ च्या ‘कॅपिटल’मध्ये याच जागेवर बोट ठेवलंय. वस्तूचं पैशात रूपांतर होणं ही एक जीवघेणी उडी आहे. उडी चुकली तर वस्तूला काही होत नाही, आपटतो तो मालक. (हशा) हसू नका, माझ्या घरी आपटलेलं माणूस मी पाहिलंय.

श्रम गेले म्हणजे तेवढी किंमत आलीच पाहिजे, हे आपल्याला न्याय्य वाटतं. पण आपल्या राज्यातलं एक उदाहरण बघा. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना काढली. गणपतीची मखरं करणारे कारागीर उच्च न्यायालयात गेले, की यंदाच्या गणपतीपुरती तरी परवानगी द्या. जुलैमध्ये न्यायालयानं नकार दिला. पर्यावरणाच्या दृष्टीनं निर्णय योग्य असेल, तो आजचा मुद्दा नाही. मुद्दा हा, की त्या मखरातली मेहनत बंदीच्या आदल्या दिवशी जेवढी होती तेवढीच दुसऱ्या दिवशीही होती. बाजारातली किंमत मात्र शून्य झाली. मास्कचंही तेच. २०२० मध्ये बचत गटांच्या बायकांनी रात्र रात्र जागून मास्क शिवले. २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातले निर्बंध उठले आणि ज्यांच्याकडे गठ्ठे उरले त्यांचे श्रम काही खोटे ठरले नाहीत, फक्त गिऱ्हाईक संपलं. तेव्हा लक्षात घ्या : गेलेले श्रम हे मालाच्या आजच्या किंमतीचं कारण होऊ शकत नाहीत. तो हिशोब वहीत लिहावा, चिठ्ठीवर नाही.

शिवाय करणाऱ्याची नजर तटस्थ नसते. नॉर्टन, मोचन आणि एरिएली या तीन संशोधकांनी २०१२ मध्ये एक अभ्यास छापला. लोकांना कागदाच्या घड्या घालून प्राणी-पक्षी करायला लावले. नवशिक्यांनी स्वतःच्या वेड्यावाकड्या कागदी पक्ष्यांना जवळजवळ तज्ज्ञांच्या पक्ष्यांइतकी किंमत लावली. त्रयस्थांनी त्यांना अगदीच किरकोळ ठरवलं. यात खोटेपणा नाही. हात लागला की जीव लागतो. म्हणून उरलेल्या मालाची किंमत करणाऱ्यानं एकट्यानं ठरवू नये, सोबत एखादा परका डोळा असावा.

आता दुसरा प्रश्न, उपयोगाचा. माल खाली काढल्यावर आम्ही नगांकडे न बघता वापरणाऱ्यांकडे बघायला लागलो. एकसारखे पुष्कळ बटवे कोणाला लागतील? संक्रांत ते रथसप्तमी, हळदीकुंकवाला वाण म्हणून. तोरणं? दिवाळीआधी, सोसायटीच्या आवारातल्या टेबलावर. पिशव्या? ज्यांनी आधी घेतल्यात आणि ज्यांची जुनी झालीये त्यांना. हंगाम हा गिऱ्हाइकाइतकाच महत्त्वाचा, हे हलव्याचे दागिने करणारीला विचारा. संक्रांतीनंतर तिच्याकडे कोण जातं?

पण इथं एक अडचण आली आणि ती खरी नैतिक अडचण होती. उरलेली मदतनीस तेच काम स्वतःच्या घरून करायला लागली होती. ती हिला म्हणाली, "काकू, तुमचा बटवा नव्वदचा. तुम्ही साठला काढलात तर माझा नव्वदला कोण घेईल? तुमचं संपतंय, माझं चालू व्हायचंय." मंडळी, याला माझ्याकडे पुस्तकातलं उत्तर नव्हतं. आपण समजतो उरलेला माल आपला, वाटेल त्या भावात देऊ, फुकटही वाटू. पण जाणारा माणूस भाव पाडून जातो तेव्हा त्याची किंमत मागे राहिलेला कारागीर देतो. आधी पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या गिऱ्हाइकालाही फसल्यासारखं वाटतं.

त्यावर हिनंच तोड काढली. सुटा बटवा नव्वदच. साठचा भाव फक्त वीसच्या वर घेणाऱ्याला. म्हणजे सुट्या नगाचा भाव मोडला नाही. आणि प्रत्येक घेणारीला सांगितलं, "पुढे हवे असतील तर हिच्याकडे मिळतील." गांधी जयंतीला खादीवर सूट असते, तेव्हा खादी स्वस्त झाली असं कोणी म्हणत नाही, कारण सवलतीला कारण आहे आणि मुदत आहे. आपणही तसंच करावं : सवलत का, ते उघड सांगावं, कधीपर्यंत, तेही सांगावं, आणि ती तारीख पाळावी.

हिशोब सांगतो. ८० बटवे साठनं गेले, ४,८०० रुपये. २५ तोरणं अडीचशेची दीडशेनं, ३,७५०. चांगल्या तीस पिशव्यांपैकी १८, दोनशेनं, ३,६००. एकूण १२,१५०. दुकानदाराच्या बोलीच्या तिप्पट, पण मूळ भावाच्या मानानं कितीतरी कमी. उरलेले बटवे, तोरणं, पिशव्या, शिवाय कापडाचे तागे, लेस, चेनी आणि कागदी बेतणी, सगळं त्या मदतनीसेकडे गेलं. कच्चा माल तयार मालाआधी द्यावा हे आम्हाला उशिरा कळलं. कापड जोवर घरात असतं तोवर ‘अजून चार करू’ हा मोह सुटत नाही.

दोन कोरड्या गोष्टीही सांगतो. व्यवसाय बंद झाल्यावर विकलेल्या मालाचे पैसेही उत्पन्नातच धरायचे असतात. आणि ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी ती रद्द करण्याआधी माल मोजावा, कारण हातातल्या मालावर घेतलेलं करक्रेडिट परत भरावं लागतं आणि अंतिम विवरणपत्र तीन महिन्यांत द्यावं लागतं. ते आपल्या करसल्लागाराला विचारा, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला नको.

आणि ‘देऊन टाकू संस्थेला’ हे म्हणण्याआधी त्या संस्थेला विचारा. साठ शोभेच्या बटव्यांचं त्यांनी काय करायचं? आपली माळ्यावरची अडगळ त्यांच्या माळ्यावर नेणं म्हणजे दान नव्हे.

राहिला तिसरा प्रश्न. सोळा वर्षांना अर्थ होता का? याचं उत्तर गिऱ्हाइकाकडे मागितलं की घासाघीस करणारी प्रत्येक बाई आपला अपमान करतेय असं वाटतं. ती बिचारी बटव्याचा भाव करत असते, आपल्या आयुष्याचा नाही. हे उत्तर विक्रीच्या बाहेर शोधावं लागतं. हिनं प्रत्येक प्रकारातला एकेक नग, आपल्या हातचा सगळ्यात चांगला, बाजूला ठेवला. चांगली राहिलेली अकरा दुपटी विकलीच नाहीत. नात्यात, शेजारात बाळ झालं की एक जातं. आता चार उरलीत. आणि त्या मदतनीसेच्या हाताला जे वळण लागलंय ते तर कोणत्याच यादीत नव्हतं.

हळदीकुंकवाला वाण ‘लुटतात’, हा शब्द मला त्या संक्रांतीला नव्यानं ऐकू आला. एरवी लुटणं म्हणजे दुसऱ्याचं ओरबाडणं. इथं मात्र आपलंच, आपल्या हातानं, आनंदानं देणं. विकताना सगळं लुटता येत नाही, घर चालवायचं असतं. पण हात सैल सोडायचा कुठे आणि भाव धरून ठेवायचा कुठे, हे ठरवता येतं.

तेव्हा चारकोपच्या बाई, आल्या आहात ना? तुमची दोन खोकी या रविवारी उघडा. शेजारच्या एखादीला सोबत बसवा. प्रत्येक नगाचे तीन ढीग करा : ठेवायचा, विकायचा, शिकणारीला द्यायचा. विकायच्या ढिगावर तारीख लिहा. पावसाळ्याच्या आतली लिहा.

आता प्रश्न घेऊ.