हात गेला तरी हक्क जात नाही

सातपूर एमआयडीसीच्या आसपास, स्वारबाबानगरपासून अशोकनगरपर्यंत, आपली कितीतरी घरे हातांवर चालतात. कुणी गवंडी, कुणी सेंट्रिंगवाला, कुणी बिगारी, तर आयाबहिणी घमेली वाहतात. कटर, ग्राइंडर, काँक्रीटचा मिक्सर, सळई कापायचे मशीन यांत एका क्षणात बोट जाते. मग ठेकेदार दवाखान्यात नेतो, पहिले बिल भरतो आणि कानात सांगतो, "घरी पडलो असं सांग, पोलिसांचं लफडं नको." पुढे भरपाई मागताना हेच एक वाक्य कामगाराला आडवे येते. म्हणून आम्ही आज उपचार आणि हक्क दोन्ही एकत्र सांगत आहोत.

पहिल्या तासात काय करावे

हात मशीनमध्ये अडकला असेल तर आधी वीज बंद करा, हात ओढू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. अंगठी, कडे, बांगड्या लगेच काढा. सूज आल्यावर त्या निघत नाहीत. हळद, चुना, तंबाखू, सिमेंट जखमेत भरू नका.

तुटलेले बोट फेकू नका. ते ओलसर, स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी मरतात. असे थंड ठेवलेले बोट साधारण 24 तासांपर्यंत जोडता येण्याची शक्यता असते, तसेच ठेवले तर 12 तासांपर्यंत. पूर्ण पंजा तुटला तर वेळ याहून कमी असतो. जखमीला खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागते. 108 ला फोन करा आणि दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण करून द्या.

केसपेपरवर खरे लिहून घ्या

डॉक्टर विचारतात, "कसं झालं?" तेव्हा कोणत्या साइटवर, किती वाजता, कोणत्या मशीनवर, कोणाच्या कामावर, हे स्पष्ट सांगा. एमएलसी नोंद करायला लावा. सोबतच्या दोन कामगारांची नावे, साइटचा फोटो, मजुरी मिळाल्याचे मोबाईलवरचे मेसेज आणि सगळी बिले जपून ठेवा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

कायदा काय देतो

कामगार भरपाईचा कायदा 1923 चा. आता त्यातील तरतुदी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. उपचाराचा खर्च मालकाने द्यायचा. काम बंद असेपर्यंत दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या 25 टक्के, म्हणजे निम्मी मजुरी द्यायची. कायमचे नुकसान झाले तर टक्केवारी ठरलेली आहे: अंगठा 30, तर्जनी 14, एका हाताची चारही बोटे 50, पूर्ण पंजा 60 टक्के.

उदाहरण पाहा. वय 30, मजुरी महिना 15,000, अंगठा गेला. मजुरीचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले वयाचा गुणक 207.98, आणि त्याचे 30 टक्के. रक्कम होते 5,61,546 रुपये. ठेकेदार वीस हजार देऊन गावी पाठवतो तेव्हा हा आकडा आठवा.

ठेकेदार पळाला तरी मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज लागते. "तुझीच चूक" म्हटल्याने हक्क बुडत नाही. दारू पिऊन काम करणे किंवा सुरक्षा साधन मुद्दाम काढणे ही गोष्ट वेगळी. दावा दोन वर्षांच्या आत करायचा.

ओडिशातील एका सुताराचा डावा हात कामावर पडून कोपराच्या वर कापावा लागला. डिसेंबर 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान शंभर टक्के. म्हणजे तक्त्यातला आकडा शेवटचा नाही. तुमचा हात कोणते काम करत होता, तेही पाहिले जाते.

आणखी दोन दारे

बांधकाम कामगार कल्याण मंडळात वय 18 ते 60 आणि वर्षात 90 दिवस काम असेल तर नोंदणी होते. मात्र अपंगत्वाची 2 लाखांची मदत 75 टक्के किंवा अधिक अपंगत्वालाच आहे. बहुतेक बोटांच्या जखमा त्यात बसत नाहीत. म्हणून मंडळाचे कार्ड काढाच, पण भरपाईचा दावा सोडू नका. कारखान्यात ईएसआय कापला जात असेल तर भरपाई ईएसआयमधूनच मिळते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1943 मध्ये अदारकर यांच्याकडे कामगार आरोग्य विम्याचे काम सोपवले गेले आणि त्यातूनच 1948 चा हा कायदा आला.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जातीचा दाखला, केसपेपर आणि साक्षीदारांची नावे घेऊन जा.

रविवारच्या वंदनेनंतर विहारात हे वाचून दाखवा. बांधकामावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एवढे तरी ठाऊक असू द्या: दवाखान्यात पहिल्या दिवशी खरे सांगायचे. जय भीम.