छोट्या लायब्ररीचा परवाना : काय निवडावे आणि का?

फावल्या वेळात लिहिलेली शे-दोनशे ओळींची एखादी लायब्ररी, मग ती देवनागरी अंकांचे रूपांतर करणारी असो वा पंचांगातील तिथी काढणारी, गिटहबवर ठेवताना 'ज्याला हवी त्याने वापरावी' असाच बहुतेकांचा हेतू असतो. परंतु सोबत परवाना नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने त्या हेतूला अर्थ राहत नाही.

अमेरिका १ मार्च १९८९ रोजी बर्न करारात सामील झाली. तेव्हापासून स्वामित्वहक्काची सूचना छापण्याचीही गरज उरलेली नाही. कोड लिहिला जाताच हक्क निर्माण होतो. परवान्याविना ठेवलेला कोड इतरांना वाचता येतो, गिटहबच्या नियमांनुसार तेथल्या तेथे त्याचा फोर्कही करता येतो; मात्र तो आपल्या उत्पादनात वापरण्याची मुभा कोणालाही मिळत नाही. त्यामुळे सावध कंपन्या अशा कोडपासून दूरच राहतात.

न्यायालयाने काय ठरवले?

मुक्त परवान्याच्या अटी खरोखर बंधनकारक असतात का, या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर खेळण्यातल्या आगगाड्यांच्या एका प्रकल्पामुळे मिळाले. बर्कली येथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन यांच्या जेएमआरआय या प्रकल्पातील फायली मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये लेखकांची नावे व हक्कसूचना वगळून वापरल्या गेल्या होत्या. २००८ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने निर्वाळा दिला की कोड मोफत दिला असला, तरी परवान्याच्या अटी मोडणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. परवाना ही केवळ सौजन्याची विनंती नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

निवडीचे तीन मार्ग

एमआयटी व बीएसडी हे परवाने सर्वांत सुटसुटीत. मूळ लेखकाची हक्कसूचना व परवान्याचा मजकूर कायम ठेवा, बाकी काहीही करा, एवढेच ते सांगतात. छोट्या लायब्ररीसाठी बहुधा हेच पुरेसे असते.

अपाची २.० हा २००४ चा परवाना तितकाच मोकळा आहे. परंतु त्यात पेटंटचा स्पष्ट उल्लेख आहे. योगदान देणारा आपल्या संबंधित पेटंटच्या वापराची परवानगी देतो आणि त्या कोडवरून पेटंटचा दावा लावणारा ती परवानगी गमावतो. मात्र केवळ जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली असलेल्या कोडशी त्याचा मेळ बसत नाही.

जीपीएलचा विचार वेगळा आहे. ती लायब्ररी सामावून घेणारा प्रोग्राम वितरित करणाऱ्याने आपला स्रोतही त्याच अटींवर खुला करावा, अशी त्याची अपेक्षा असते. सुधारणा समाजाकडे परत याव्यात ही इच्छा रास्तच. पण त्यामुळे व्यापारी वापर आक्रसतो. एलजीपीएल व एमपीएल २.० हे त्यातील मधले मार्ग होत.

कामाचे स्वरूपही पाहावे लागते. रेड हॅटच्या पुणे कार्यालयातून सांभाळला गेलेला 'लोहित' टंकसंच पूर्वी जीपीएलखाली होता. २०११ मध्ये तो खास टंकांसाठी रचलेल्या ओपन फाँट लायसन्सखाली आला.

आधी मालकी, मग परवाना

आपल्यापैकी नोकरदारांसाठी सर्वांत नाजूक मुद्दा हाच. नोकरीच्या कक्षेत लिहिलेल्या कोडचा हक्क अमेरिकी कायद्यानुसार सहसा मालकाकडे जातो. जे आपले नाही, त्यावर परवाना देता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेचे कलम २८७० स्वतःच्या वेळेत, मालकाची साधने न वापरता केलेल्या शोधांना संरक्षण देते. परंतु तो शोध कंपनीच्या व्यवसायाशी वा संशोधनाशी संबंधित असेल, तर ते संरक्षण उरत नाही. इतर राज्यांत नियम निराळे आहेत. म्हणून नोकरीचा करार वाचून, शंका असल्यास कंपनीची लेखी संमती घेऊनच कोड प्रकाशित करावा.

त्यानंतरचे काम थोडे आहे. परवान्याचा संपूर्ण मजकूर, वर्ष व हक्कधारकाचे नाव घालून, स्वतंत्र फाइलमध्ये ठेवावा. स्वतः रचलेल्या अटी टाळाव्यात. वापरणाऱ्याच्या वकिलांना त्या पुन्हा तपासाव्या लागतात. निवड पहिल्या दिवशीच करावी, कारण इतरांचे योगदान आल्यावर परवाना बदलायचा तर साधारणतः त्या सर्वांची संमती लागते, आणि बदल झाला तरी आधी दिलेल्या प्रतींवरील मुभा सहसा परत घेता येत नाही.