हजेरी आणि कामगिरी

सरकारी कचेरीतील हजेरीपटाची जागा आता अंगठ्याच्या नि चेहऱ्याच्या यंत्राने घेतली आहे. केंद्र सरकारने २०१४ साली आधाराशी जोडलेली हजेरी सुरू केली. यंत्र आले म्हणजे काम वाढले, असा आपला सहज ग्रह होतो. तो कितपत खरा, हे येथे पाहावयाचे आहे.

यंत्राचा गुण प्रथम मान्य केला पाहिजे. साहेबाचा आवडता कोण नि नावडता कोण, हे त्याला कळत नाही. कट्ट्याहून मालवणच्या तहसील कचेरीत गेलेल्या माणसाचा दिवस मोडतो. त्याला रिकामी खुर्ची दिसावी, हे दुःख लहान नव्हे.

परंतु खुर्ची भरली म्हणजे काम झाले काय? किंबहुना, खुर्ची तरी भरलेली राहते काय? राजस्थानात उदेपूर जिल्ह्यातील सरकारी परिचारिकांना वेळेचा शिक्का उठवणारी यंत्रे दिली होती. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व रेचल ग्लेनर्स्टर यांनी त्याचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. आरंभी देखरेखीच्या दिवशीची उपस्थिती इतर केंद्रांच्या सुमारे दुप्पट झाली. सोळा महिन्यांनी फरक उरला नाही. यंत्रे हरली नव्हती. वरिष्ठांनीच ‘सूट’ देण्याचा सपाटा लावला, आणि गैरहजेरीला कागदोपत्री मान्यता मिळाली.

याच्या उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची घडीच बदलली. जुनी दप्तरे जतनाच्या मुदतीप्रमाणे लावली, कारकुनाच्या टेबलावरील कागदांना शिस्त आणली. अंगठ्याचे यंत्र तेव्हा नव्हते. प्रमुखाचे लक्ष मात्र होते. ‘लखिना पद्धत’ हे नाव त्यातूनच रूढ झाले.

शिवाय सारे काम कचेरीत थोडेच असते? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आपला किनारा झोडपला, तेव्हा तलाठ्याची खरी जागा पडलेल्या घरापाशी, पंचनाम्याच्या कागदावर होती. हे समजण्यास यंत्र पुरत नाही, जाणता अधिकारीच लागतो.

२००५च्या राज्य कायद्याने कोणतीही फाईल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांहून अधिक एका टेबलावर राहू नये, असे ठरविले आहे. आमच्या मते कचेरीच्या प्रमुखाने रोज सकाळी हजेरीची यादी अवश्य पाहावी. पण तिच्या शेजारी तुंबलेल्या कागदांची यादीही ठेवावी. कर्मचारी केव्हा आला, हे यंत्र सांगेल. तो आल्याने कोणाचे काम झाले, हे साहेबानेच विचारले पाहिजे. आणि साहेब विचारीत नसेल, तर नागरिकांनी.