नादारीचा अर्ज : करावा की न करावा

कर्जात बुडालेला माणूस वकिलाकडे येतो तो सगळे उपाय थकल्यावर. तोवर बायकोचे दागिने तारण पडलेले असतात, मेहुण्याकडून दोनदा हातउसने झालेले असतात, एका पतसंस्थेचं कर्ज भागवायला दुसरीचं काढलेलं असतं. पिशवीतल्या नोटिसा टेबलावर मांडत तो विचारतो, "मॅडम, दिवाळखोरी जाहीर केली तर सुटेन का मी?" जिल्हा न्यायालयात वकिली करताना हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे. याला एका शब्दात उत्तर देणाऱ्या वकिलापासून सावध राहावं, असं माझं मत आहे. काही जण सुटतात, पुष्कळ जण सुटत नाहीत. कोण सुटेल हे कर्ज किती आहे यापेक्षा ते कोणाचं, कशाच्या तारणावर आणि कोणाच्या जामिनावर घेतलं यावर ठरतं.

आधी कायदा कोणता ते पाहू. २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली. तिचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांसाठी आहे, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. उद्योगपतीच्या हमीचा फैसला त्या संहितेखाली होतो. किराणा दुकानदार, टेम्पोवाला किंवा शिक्षक यांच्या वाट्याला हा लेख लिहीपर्यंत तरी इंग्रजी अमदानीतलेच कायदे आहेत. मुंबई शहरासाठी १९०९ चा कायदा, त्याची प्रकरणं उच्च न्यायालयात. बाकी महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, त्याची प्रकरणं जिल्हा न्यायालयाकडे. १९२० च्या मूळ कायद्याप्रमाणे ५०० रुपयांचं कर्ज असलेला माणूस नादारीचा अर्ज करू शकतो. तेव्हा ५०० रुपयांत बरंच काही येत असे. नव्या संहितेत अगदी गरिबांसाठी कर्जमाफीची एक सोपी वाट आखलेली आहे : वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नसावं. ती वाट अजून उघडलेली नाही, आणि उघडली तरी एखाददुसऱ्या गटकर्जातच ३५ हजारांची मर्यादा संपेल.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी डेक्कन शेतकरी कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं त्या कायद्यानं बंद केलं, आणि त्यात शेतकऱ्याच्या नादारीसाठी स्वतंत्र प्रकरणही होतं. त्याही आधीपासून आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता : एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. मुंबई इलाख्यातली न्यायालयं हिंदूंच्या व्यवहारात तो पाळत. आज बँकेच्या कर्जाला दामदुपट लावा म्हणून कोणी कोर्टात गेला तर बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१ अ आडवं येतं. बँकेचं व्याज जास्त आहे एवढ्या कारणानं कोर्ट तो व्यवहार उघडत नाही. शेतकऱ्यासाठी निदान कर्जमाफीच्या योजना येतात, २०१७ आणि २०१९ मध्ये आल्या. दुकानदारासाठी तशी घोषणा कोणत्याही अधिवेशनात झाल्याचं मला आठवत नाही.

आता एक हिशेब मांडू. माणूस कल्पित आहे, पण असे कागद रोज बघायला मिळतात. समजा, तालुक्याच्या गावी एकाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुकानाचा गाळा बँकेकडे गहाण, त्यावर ९ लाख बाकी. पतसंस्थेचं ६ लाखांचं कर्ज, त्याला दोन जामीनदार, त्यातला एक जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक. क्रेडिट कार्डाचे २ लाख ४० हजार. तीन मित्रांचे मिळून हातउसने ३ लाख, त्यापोटी दिलेले सहीचे चेक. आणि एका सावकाराचे दीड लाख, शेकडा पाच दरमहा.

गाळ्यापासून सुरू करू. बँकेचं कर्ज तारणी आहे. तारण विकून पैसे घेण्याच्या तिच्या हक्काला नादारीचा आदेश हात लावत नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देते आणि मग कोर्टात दावा न लावता ताबा घेऊ शकते. म्हणजे ज्या गाळ्यासाठी माणूस रात्र रात्र जागतो, तो नादारीनं वाचत नाही.

पतसंस्थेला तर दावाही करावा लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि वसुली अधिकारी जप्ती घेऊन येतो. नादारीचा आदेश झाला की या माणसाच्या मालमत्तेवरची जप्ती थांबते खरी, पण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि कर्जदार नादार झाला म्हणून जामीनदार मोकळा होत नाही. कोर्टानं कर्जदाराला कर्जमुक्त केलं तरीही नाही. मग शिक्षकाच्या पगाराला हात लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही. पगार ३१,००० असेल तर महिन्याला १०,००० जाऊ शकतात. मला विचाराल तर नादारीचा अर्ज करताना सगळ्यात जास्त विचार याच माणसाचा करावा. आपल्याकडे घरं कर्जापेक्षा जामिनानं जास्त तुटलेली मी पाहिली आहेत.

कार्डाचं कर्ज विनातारण, विनाजामीन. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ८,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,५१२. पाच टक्के किमान रक्कम म्हणून १२,००० भरले तर मुद्दल कमी होतं २,०८८ रुपयांनी. नादारीत खरा दिलासा मिळतो तो अशा कर्जात. हातउसन्यांतही मिळाला असता, पण तिथे सहीचे चेक गेलेले आहेत. चेक वटला नाही की चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ चा खटला होतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर तक्रार दाखल होते, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड. हा फौजदारी मामला आहे, तो नादारीच्या अर्जाबरोबर मिटत नाही. अडचणीतल्या माणसाकडून कोऱ्या चेकवर सही घेणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

सावकाराचं प्रकरण निराळं. परवाना नसेल तर महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ प्रमाणे तो स्वतःच गुन्हेगार आहे आणि कोर्टातून त्याला वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. त्यानं कर्जापोटी जमीन किंवा घर लिहून घेतलं असेल तर १५ वर्षांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. इथे नादारीची गरज नाही, तक्रारीची आहे.

म्हणजे २१ लाख ९० हजारांच्या डोंगरातून नादारीनं सरळ हलतील असे २ लाख ४० हजार. या माणसाला मी अर्ज कर म्हणणार नाही. पण गाळा आधीच विकला गेलेला, जामीनदार नसलेला, अंगावर कार्डांची, ॲपची आणि दवाखान्यासाठी काढलेली विनातारण कर्जं, त्यावर हुकूमनामे झालेले आणि नावावर काहीच नाही, असा माणूस आला तर जरूर कर म्हणेन.

अर्ज करणं म्हणजे काय, तेही समजून घ्यावं. प्रत्येक देणेकऱ्याचं नाव, पत्ता, रक्कम. आपली प्रत्येक वस्तू, तिची किंमत. वह्या आणि पासबुकं. काही लपवलं की तो गुन्हा. आदेश झाला की मालमत्ता कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरच्या हाती जाते. घरातली भांडी, कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीनं अंगावरून उतरवायचे नाहीत असे दागिने म्हणजे मंगळसूत्र, भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि विम्याची रक्कम यांना हात लागत नाही. आपल्या रिवाइंडिंगवाल्याचं मशीनही कारागिराचं हत्यार म्हणून मागता येईल. शेतकऱ्याचं राहतं घर जप्तीतून सुटतं, दुकानदाराचं सुटत नाही. आणि लोकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट : कर्जमुक्ती मिळेपर्यंत जे नवं हाती येईल तेही रिसीव्हरचं. या काळात वडील वारले आणि वाडवडिलांच्या घरातला वाटा नावावर आला, तर तो आधी देणेकऱ्यांचा.

अर्जाच्या सुमाराला माणसं नेमक्या दोन चुका करतात. एक, घर बायकोच्या नावावर करणं. दोन वर्षांच्या आत अर्ज आला तर मोबदल्याविना दिलेली मालमत्ता रिसीव्हर परत ओढून घेऊ शकतो. दुसरी, उरलेल्या पैशांतून मेहुण्याचं कर्ज आधी फेडणं. तीन महिन्यांच्या आत अर्ज आला तर तीही परतफेड उलटते. घरच्यांच्या सल्ल्यानं केलेलं हे शहाणपण कोर्टात लबाडी म्हणून वाचलं जातं आणि पुढे कर्जमुक्ती अडते.

कर्जमुक्तीचा अर्ज वेगळा, त्याची मुदत कोर्ट ठरवून देतं. मुदतीत अर्ज केला नाही तर नादारीच रद्द होते आणि सगळे देणेकरी पुन्हा मोकळे. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही निघत नसतील, तर ते आपल्या दोषामुळे नाही हे पटवून द्यावं लागतं. हिशेबाच्या वह्या नाहीत, बुडतोय कळूनही उधारीवर धंदा चालू ठेवला, सट्टा, जुगार, उधळपट्टी, यांतलं काही निघालं तर कोर्ट पूर्ण मुक्ती देत नाही. नाकारतं, लांबवतं किंवा पुढच्या कमाईतून काही भरण्याची अट घालतं. मोबाइलवर फ्युचर्स-ऑप्शन्स खेळून बुडालेल्या तरुणांनी हे वाक्य दोनदा वाचावं. मुक्ती मिळाली तरी सरकारी देणी, फसवणुकीतून झालेली देणी आणि पोटगी उरतेच.

मधला काळ सोसण्याचा असतो. नाव सरकारी राजपत्रात छापून येतं. ५० रुपयांहून अधिक उधारी घेताना आपण नादार आहोत हे सांगितलं नाही तर गुन्हा होतो. १९२० च्या कायद्यातला हा आकडा आजही तसाच आहे. आमदार, खासदार होता येत नाही, ग्रामपंचायतीत निवडून जाता येत नाही, कंपनीचा संचालक होता येत नाही, भागीदारीतलं नाव त्याच दिवशी गळतं. सरकारी नोकराला वरिष्ठांना कळवावं लागतं. बँकेची दारं बंद होतात, कारण पतमाहितीच्या नोंदी किमान सात वर्षं ठेवल्या जातात. गावात काय बोललं जातं ते मी लिहायची गरज नाही. पण माझा अनुभव असा, की राजपत्र कोणी वाचत नाही. वसुलीवाल्यांचे दारातले आवाज मात्र अख्खी आळी ऐकते, आणि ते आवाज आदेशानंतर थांबतात.

आणखी एक भीती अनेकांना असते ती मुलांची. बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर, हे २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीनं, निदान त्यानंतरच्या कर्जांपुरतं, संपवलं. मुलाला बापाकडून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी, तो स्वतः जामीन नसेल तर.

नादारीअलीकडे एक-दोन वाटा आहेत. बँकांशी तडजोड होते, विशेषतः खातं थकीत होऊन जुनं झालं की. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीनुसार तडजोडीनंतर किमान १२ महिने त्या कर्जदाराला नवं कर्ज द्यायचं नाही (शेतीकर्जाचा काळ निराळा), आणि पतअहवालावर 'सेटल्ड' असा शेरा राहतो. नादारीपेक्षा हा डाग बराच फिका. तडजोड लोकअदालतीत करावी. तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही, दाव्याचं कोर्ट शुल्क परत मिळतं. तोंडी ठरवून एजंटाच्या हातात रोख पैसे देऊ नयेत. पत्र घ्या, त्यावर 'संपूर्ण व अंतिम' हे शब्द आहेत का पाहा, आणि मगच भरा. वसुली एजंटांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. कर्जाच्या ॲपला तुमच्या संपर्क यादीत डोकावता येत नाही. तसं झालं तर आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावं.

कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. ऐपत नसलेल्या माणसाला केवळ पैसे देत नाही म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं आहे. रात्री झोप लागत नसेल, मनात नको ते येत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कोणत्याही वेळी बोला. वकिलाची फी परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, त्याचा हेल्पलाइन क्रमांक १५१००. जाताना सगळ्या नोटिसा, पासबुकं आणि दिलेल्या चेकचे नंबर बरोबर न्या. आणि ज्यांनी तुमच्यासाठी जामीन म्हणून सही केली आहे, त्यांना अर्ज करण्याआधी जाऊन सांगा.